पर्नेलची एल आणि फ्रान्सचा मुकुट

मी ॲशकूम गावचा एल चाखणारा, हॅमंड. हसू नका, शपथ घेऊन मिळालेलं पद आहे हे. जमीनदाराच्या कचेरीत, पाद्रीबुवांसमोर, धर्मग्रंथावर हात ठेवून मी कबूल केलंय की गावात कुणीही एल काढली की मी ती चाखीन, चांगलीला चांगली म्हणेन, वाईटला वाईट म्हणेन आणि कुणाची भीडभाड ठेवणार नाही. बायको म्हणते, "शपथेवर करण्यासारखं एवढं एकच काम तुला जमण्यातलं होतं." तिचं सोडा.

एल म्हणजे काय तेही एकदाच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. मोड आणून भाजलेला सातू, पाणी आणि खमीर. संपलं. चौथी वस्तू पडली की भेसळ, आणि भेसळीची पिंपं गटारात ओतायची, असा कचेरीचा नियम. समुद्रापलीकडचे फ्लँडर्सचे लोक तिच्यात हॉप नावाच्या वेलीची कडू फुलं उकळतात आणि त्याला बिअर म्हणतात. म्हणोत बापडे. आमच्या कचेरीच्या लेखी बिअर नावाची वस्तूच जगात नाही.

आता पर्नेल. पुलाजवळचा गुत्ता तिचा. नवरा लवकर गेला. मागे एक तांब्याचा हंडा आणि एक पोरगा ठेवून गेला, आणि दोन्ही तिने घासूनपुसून लखलखीत ठेवले. दंड असे की भरलेलं पिंप एकटी उतरवायची. तोंड असं की पिंप उतरवताना मध्ये आलेल्या माणसाला पळता भुई थोडी व्हायची. एल तयार झाली की दारावर लांब काठी लावून तिच्या टोकाला झुडपाची फांदी बांधायची, ही आमच्याकडची रीत. पर्नेलची काठी वर गेली की शेतातली माणसं नांगर टाकून यायची. मीही जायचो, पण कर्तव्य म्हणून.

तिची एल उत्तम होती. हे मी शपथेवर सांगतो, आणि पुढे जे काही झालं ते ऐकल्यावरही सांगीन. दाट, गोडसर, जिभेवर सातूची चव रेंगाळणारी. तिचा पोरगा पियर्स सातू भाजायचा. शांत पोर. भट्टीच्या धगीसमोर बसून दाणा दातांखाली चावून बघायचा आणि आईला नुसती मान हलवून सांगायचा, झालं. एवढंच त्याचं बोलणं. आईने घराण्याच्या वाट्याचं सगळं बोलून टाकल्यावर त्याच्यासाठी उरणार काय?

अशा ह्या सुखी बाईच्या डोक्यात राजा शिरला.

आमचा, म्हणजे इंग्रजांचा, म्हातारा राजा हेन्री मेला तेव्हा गावात कुणी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. चिक्कू माणूस होता. गादीवर त्याचा पोरगा, धाकटा हेन्री, बसला, आणि जो तो वेडावून गेला. अजून अठराही पुरी न झालेला, उंच, गोरापान, घोड्यावर बसला की भाला घेऊन जो समोर येईल त्याला आडवा करणारा. आता राजाच्या समोर येऊन आडवं न होण्याइतका मूर्ख सरदार मी तरी पाहिलेला नाही, पण ते असो. फेरीवाला आला की दरबारच्या बातम्या आणायचा. राजाने नाच केला. राजाने गाणं रचलं. राजा आपल्या सरदारांना घेऊन, हिरवे कपडे घालून, जंगलातला दरोडेखोर बनून राणीच्या खोलीत घुसला आणि बायका किंचाळल्या. हे ऐकून पर्नेलच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती गुणाचा," म्हणाली. तिचा पियर्स असा कुणाच्या खोलीत घुसला असता तर हिनेच त्याला लाटण्याने बडवला असता.

पण नाचगाण्याने राजाचं पोट भरेना. त्याला फ्रान्स हवा होता. आमचे राजे फार पूर्वीपासून स्वतःला फ्रान्सचेही राजे म्हणवतात. फक्त फ्रान्सला कुणी नीट कळवलेलं नाही. शंभरएक वर्षांपूर्वी एका हेन्रीने मूठभर तिरंदाजांनिशी तिकडे जाऊन फ्रेंचांचं कंबरडं मोडलं होतं. ह्या हेन्रीला त्याच्यासारखं व्हायचं होतं. आणि ॲशकूममध्ये विचाराल तर प्रत्येकाचा पणजोबा त्या लढाईत होता. एवढे पणजोबा एका शेतात मावले कसे, हे मी एकदा मोठ्याने विचारलं, तर पर्नेलने माझ्या हातातला पेला काढून घेतला.

"तुझा पणजोबा काय करत होता रे तेव्हा, हॅमंड?"

"एल चाखत होता," मी म्हटलं. "कुणीतरी घरी राहायला नको?"

"म्हणूनच तू असा निपजलास," ती म्हणाली, आणि पेला दुसऱ्याला दिला.

तेव्हापासून तिच्या गुत्त्यात फ्रान्स जिंकायचं काम रोजचं झालं. कोण कुठल्या वाटेने चढाई करणार, कोण कुठला किल्ला पाडणार, ह्यावर वाद. आमचा न्हावी तर पॅरिस शहराची वेस कुठे आहे ते बोट एलमध्ये बुडवून बाकावर काढून दाखवायचा. त्याने आमच्या जवळच्या साउथॅम्प्टन बंदराच्या पुढे पाऊल टाकलेलं नव्हतं. ह्या सगळ्यांत जोरात असायचा माझा भाचा डिगरी, माझी बहीण मार्जरी हिचा एकुलता एक. हसरं, दांडगं पोर. दर रविवारी प्रार्थनेनंतर गावातल्या पुरुषांनी मैदानात बाण मारायचे, हा राजाचा हुकूम. डिगरी आणि पियर्स दोघं त्यात पहिले. पियर्स बाण मारून गप्प उभा राहायचा. डिगरी बाण मारून आधी आजूबाजूला बघायचा, मग गुत्त्याकडे धावायचा. त्याला तहान फार. त्याच्या आईचं म्हणणं, पाळण्यात असल्यापासून तो असाच.

राजाला गादीवर बसून तिसरं वर्ष सरलं आणि खरंच हुकूम सुटला. राजाचा सासरा स्पेनचा राजा. त्याने जावयाला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, की तू तुझी माणसं माझ्या किनाऱ्यावर पाठव, मी माझी आणतो, दोघं मिळून फ्रान्सचा लचका तोडू. जावई चढला. प्रत्येक जमीनदाराने तिरंदाज द्यायचे ठरलं, आणि आमच्या जमीनदाराचा कारभारी दोन नावं शोधत गुत्त्यात आला.

"माझा पियर्स घ्या," पर्नेल म्हणाली. कुणी विचारलंही नव्हतं.

पियर्स कोपऱ्यात बसला होता. "आई, नवा सातू भिजत घातलाय," तो म्हणाला.

"सातू काय, मी भाजीन. फ्रान्सचा राजा होतोय आपला हेन्री, आणि तू भट्टीसमोर बसणार?"

डिगरीने तर उडीच मारली. मार्जरी मात्र हटून बसली. तिचा नवरा गाडीखाली सापडून गेला होता, आणि हे एकच पोर. ती मला म्हणाली, "दादा, तू सांग त्याला." मी सांगितलं. डिगरी म्हणाला, "मामा, तू आयुष्यभर एकाच गुत्त्यात बसून राहिलास, तू मला शिकवणार?" आणि तेव्हाही मी गुत्त्यातच बसलो होतो.

शेवटी मार्जरीला वळवलं ते पर्नेलनेच. तिच्या घरी गेली, बाकावर बसली आणि म्हणाली, "अगं, माझाही एकच आहे ना? एकमेकांना सांभाळतील. आणि जहाजावर माझीच एल चढवते बघ. परमुलखात गेली तरी पोरं घरचंच पितील. उपाशी राहील एक वेळ तुझा डिगरी, तहानलेला राहायचा नाही. शब्द देते."

मार्जरीने त्या शब्दावर पोराला सोडलं.

पर्नेलने शब्द खराही केला. जहाजांसाठी दाणापाणी गोळा करत लॅम्बर्टसाहेब म्हणून राजाचे अधिकारी फिरत होते. बुटांवर चिखल पडला तर नोकराला पुसायला लावणारा माणूस. ते गुत्त्यात आले त्या दिवशी योगायोगाने योस्टही तिथे होता. हा योस्ट फ्लँडर्सचा. साउथॅम्प्टनला बिअर करतो, आणि आमच्याकडे सातू विकत घ्यायला येतो. माणूस वाईट नाही. आमची भाषा मात्र तोंडात गरम वाटाणा धरल्यासारखी बोलतो.

लॅम्बर्टसाहेबांनी पेला संपवला, दुसरा संपवला, तिसऱ्याला म्हणाले, "बाई, ही टिकते किती?"

पर्नेल त्यांच्याकडे बघतच राहिली. "टिकते म्हणजे?"

"म्हणजे खराब कधी होते?"

"साहेब," ती म्हणाली, "माझी एल आजवर उरलेलीच नाही."

गुत्ता हसून हसून लोळला. आणि सांगतो, ती खोटं बोलत नव्हती. ॲशकूममध्ये आंबलेली एल कुणी पाहिलेलीच नव्हती, कारण आंबायला जेवढे दिवस लागतात तेवढे दिवस ती शिल्लक राहतच नाही. काठी वर जाते, माणसं येतात, पिंप रिकामं होतं, पुन्हा हंडा चढतो. पाणी आम्ही पीत नाही, ते ढोरांचं. मी एवढा शपथ घेतलेला चाखणारा, पण माझ्या जिभेवर तरी शिळी एल कधी आली होती?

एकटा योस्ट हसला नाही. "बाई," तो म्हणाला, "घर नाही हे. जहाज आहे. वारा नसला तर बंदरातच उभं राहतं. आणि उन्हाळा येतोय. हॉप घाला. कडू लागेल, पण राहील. आमची राहते."

"गवत घालू? माझ्या एलमध्ये?"

"फुलं असतात."

"तू तुझ्या थडग्यावर घाल ती फुलं," पर्नेल म्हणाली. मग लॅम्बर्टसाहेबांकडे वळली. "साहेब, फ्रान्स जिंकायला इंग्रज चाललेत. ते काय ह्या परक्याचं कडू पाणी पिऊन लढणार? आपल्या पणजोबांनी काय पिऊन फ्रेंच मारले?"

लॅम्बर्टसाहेबांचे डोळे भरून आले. तीन पेल्यांनी येतातच. "इंग्रज सैनिक इंग्रज एलच पिईल," त्यांनी टेबलावर मूठ आपटली, आणि आमच्या भागातली पोरं ज्या जहाजावर चढणार होती त्याची सगळी पिंपं पर्नेलच्या नावाने ठरली. आठवडाभर हंडा विस्तवावरून उतरला नाही. मी प्रत्येक पिंप चाखलं. एकाहून एक सरस. प्रत्येकावर चांगली असल्याची खडूने खूण केली, आणि गाड्या बंदराकडे गेल्या.

पोरं पांढरे-हिरवे डगले घालून निघाली. डिगरी मागे वळून ओरडला, "मामा, तुझ्यासाठी पॅरिसची दारू आणतो, चाख आणि दंड कर!" पियर्सने नुसता हात वर केला. मार्जरी पुलापर्यंत गेली. पर्नेल बंदरापर्यंत गेली, आणि परत आल्यावर जहाज केवढं, शीड केवढं, निशाण केवढं, हेच तिने महिनाभर सांगितलं. ती निघून आली तेव्हा जहाज अजून बंदरातच उभं होतं. वाऱ्याची वाट बघत होतं. हे तिने सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही.

सगळा उन्हाळा आम्ही फ्रान्स जिंकत होतो. बातमी काही येईना, तेव्हा न्हावी म्हणाला, बातमी नाही म्हणजे फारच आत गेलेत. पर्नेलने पियर्सची खाट झाडून ठेवली होती. मोहिमेवरून परतल्यावर राजा त्याला काही ना काही देईलच, असं ती धरून चालली होती. मार्जरी रोज संध्याकाळी गुत्त्याच्या दारात येऊन एवढंच विचारायची, "काही कळलं?" आणि पर्नेल म्हणायची, "काळजी कसली करतेस? घरचं पितायत पोरं."

पानं गळायला लागली तेव्हा पियर्स आला. चालत, एकटा. डगल्याचा पांढरा भाग आणि हिरवा भाग वेगळा ओळखू येत नव्हता, आणि त्याच्या आत पोर अर्धंच उरलं होतं. गुत्ता भरलेला होता. पर्नेलने त्याला मिठी मारली, बसवलं, पेला समोर ठेवला. सगळे गोळा झाले. मार्जरीला कुणीतरी बोलावून आणलं. ती दारात उभी राहिली आणि तिची नजर पियर्सच्या मागे, रस्त्यावर होती.

पहिला प्रश्न पर्नेलनेच विचारला. त्याचं मला आजही नवल वाटतं. एवढं मरणाचं दमलेलं पोर समोर, आणि ही विचारते, "माझी एल आवडली का रे सगळ्यांना?"

पियर्सने पेला बाजूला सारला.

"आई, बंदर सोडायच्या आधीच आंबली ती," तो म्हणाला. "वारा नव्हता. पहिलं पिंप फोडलं आणि नाकाला फडका लावावा लागला. दुसरं तसंच. सगळी तशीच. कप्तानाने समुद्रात ओतायला लावली. लोक मला विचारायचे, तुझ्याच आईची का ही?"

पियर्स त्या दिवशी बोलला, आयुष्यात पहिल्यांदा. स्पेनच्या किनाऱ्यावर उतरवलं. तंबू नाहीत; झुडपांखाली झोपायचं. पाऊस पडला की भिजायचं, ऊन पडलं की वाळायचं. राजाचा सासरा येणार, येणार. तो आलाच नाही. आमची माणसं किनाऱ्यावर बसलीत ह्या धाकाने फ्रेंच तिकडे अडकून पडले, आणि सासरेबुवांनी दुसरीकडे जाऊन शेजाऱ्याचं राज्य गिळलं. जावयाच्या तोंडाला पानं पुसली.

"पण फ्रान्स?" न्हाव्याने विचारलं.

"दिसत होता," पियर्स म्हणाला. "नदीपलीकडे. गाई चरत होत्या."

एक बाण सुटला नाही. एक फ्रेंच माणूस मेला नाही. मेली ती आपलीच. तिथे एल नाही, बिअर नाही, फक्त त्यांच्या गरम मुलखातली लाल दारू. तिकडचे लोक ती घोटघोट पितात, पाणी घालून. आमची पोरं तहानलेली. ती दारू त्यांनी एल पितात तशी प्यायली. लोटेच्या लोटे. जन्मभर एवढंच तर शिकलेत. मग पोटं बिघडली, आणि रक्त पडायला लागलं. शेवटी सगळ्यांनी वरिष्ठांच्या नावाने शंख केला, आम्हाला घरी न्या, नाहीतर आम्ही पोहत जातो, आणि फौज हात हलवत परत निघाली.

"डिगरी?" मार्जरीने दारातून विचारलं.

पियर्स उठून उभा राहिला. "काकू, तो पहिल्यापासूनच फार प्यायला. मी अडवलं. तो म्हणाला, तहान लागलीय रे, आणि काय पिऊ, सांग." त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. "झुडपाखालीच पुरला. मी खड्डा खोल खणलाय."

मार्जरी रडली नाही. तिने पर्नेलकडे पाहिलं, एवढंच, आणि निघून गेली. त्यानंतर तिने त्या गुत्त्याचा उंबरा ओलांडला नाही. रस्त्यात पर्नेल समोर आली की ती बाजूला होऊन कुंपणाकडे तोंड करून उभी राहायची. मी मध्ये पडायला गेलो तर म्हणाली, "दादा, तिला दोष देत नाही मी. फक्त तिचं तोंड बघवत नाही."

त्या हिवाळ्यात पर्नेलचं तोंड बंद झालं. लोक म्हणायचे, बरं झालं, कान सुटले. मला मात्र ते बरं वाटेना. तिने एल काढून खिडकीत एक मडकं बाजूला ठेवून दिलं होतं, कुणालाही हात लावू द्यायची नाही. एक दिवस मला बोलावलं आणि ते मडकं पुढे केलं. "चाख," म्हणाली.

मी तोंडाला लावलं आणि शेजारच्या बादलीत थुंकलो. तोंडाचं चामडं झालं.

"हे पाठवलं मी पोरांबरोबर," ती म्हणाली. "घरचं म्हणून."

मी म्हटलं, "तुला काय माहीत होतं?"

"योस्टने सांगितलं होतं की." आणि ती हंडा घासायला वळली. हंडा आधीच स्वच्छ होता.

तुम्हाला वाटेल, राजाही काही शिकला असेल. छे. वसंत आला आणि हुकूम सुटला की ह्या वेळी राजा स्वतः फ्रान्सला जाणार. फेरीवाल्याने सांगितलं, बारा मोठ्या तोफा ओतल्यात आणि त्यांना बारा प्रेषितांची नावं दिलीत. म्हणजे फ्रेंचांच्या डोक्यात गोळा पडला तर तो निदान संताच्या हातून पडेल. आणि राजा बरोबर एक लाकडी घर नेतोय. सुटं करून गाड्यांवर लादायचं, धुराड्यासकट. गेल्या वर्षी झुडपाखाली झोपलेल्या पोरांची राजाने घेतलेली दखल ती एवढीच.

कारभारी पुन्हा आला. पियर्सचं नाव घेऊनच आला. पर्नेल पुढे झाली. "तो नुकता कुठे उठून बसलाय. दुसऱ्याला न्या."

"दुसरे आहेत की," कारभारी म्हणाला. "पण हा अनुभवी आहे. फ्रान्सला जाऊन आलाय."

"फ्रान्स लांबून बघून आलाय तो."

"बाकीच्यांनी तेवढंही केलेलं नाही," कारभारी म्हणाला, आणि हे तो चेष्टेने बोलत नव्हता. तिने त्याचे पाय धरले. माझ्या उभ्या जन्मात मी पर्नेलला कुणापुढे वाकलेलं पाहिलं नव्हतं. काही उपयोग झाला नाही.

पाठोपाठ लॅम्बर्टसाहेब. बूट तसेच चकचकीत. मी विचारलं, "साहेब, गेल्या वर्षीच्या मोहिमेचं काय?"

"कुठली मोहीम?" ते म्हणाले. "मोहीम यंदा आहे." मग पर्नेलला म्हणाले की जहाजं आणि माणसं इतकी आहेत की सरकारी भट्ट्या पुऱ्या पडणार नाहीत; तिला द्यायची असतील तर तिची पिंपं ह्या भागातल्या पोरांच्या जहाजावर चढतील. मात्र टिकणारी हवीत. कशी टिकवायची ते तिचं तिने बघावं.

दुसऱ्या दिवशी पर्नेल चालत साउथॅम्प्टनला गेली. योस्टच्या दारात जाऊन काय बोलली ते कुणाला माहीत नाही. योस्टने मला नंतर एवढंच सांगितलं, "बसली. बघितलं. विचारलं. चांगलं शिकते." येताना तिच्या पाठीवर पोतं होतं, आणि पोत्यातून येणारा तो उग्र वास ओळखायला चाखणारा असण्याची गरज नव्हती. सगळ्या गावाला कळलं. ज्या बाईने त्या फुलांना गवत म्हटलं तिच्याच हंड्यात ती फुलं पडली म्हटल्यावर लोकांना ऊत आला. न्हावी तर म्हणाला, आता पर्नेलकाकू फ्लँडर्सची भाषाही बोलायला लागतील. ती ऐकून घ्यायची, उत्तर द्यायची नाही.

आणि मग तिने काठी वर लावली. रीत म्हणजे रीत. मला जावं लागलं. अर्धं गाव पाठोपाठ आलं, कारण असा तमाशा चुकवायचा कसा? बाहेर लॅम्बर्टसाहेबांच्या माणसांच्या गाड्या उभ्या होत्या. कारभारीही हात मागे बांधून उभा होता. माझी शपथ त्याच्याच कचेरीतली.

पर्नेलने पेला भरला आणि माझ्या हातात दिला. मी प्यायलो. कडूजहर. जिभेच्या मुळापर्यंत कडू. सातूची चव कुठेतरी खाली, खोल, दाबून टाकल्यासारखी. पियर्स भट्टीजवळ डगला घालून उभा होता, गेल्या वर्षीचाच, धुतलेला.

"काय म्हणतोस चाखणाऱ्या?" कारभाऱ्याने विचारलं. "काही चौथं पडलंय का हिच्यात?"

पर्नेल हळूच म्हणाली, "दंड कर हॅमंड. काय करायचा तो कर. पण पिंपं ओतू नकोस."

हे तिने माझ्या हातात ठेवलं. खरं बोललो तर पिंपं गटारात आणि पियर्स पुन्हा त्या लाल दारूवर. खोटं बोललो तर कारभाऱ्यापुढे, साऱ्या गावापुढे, धर्मग्रंथावर ठेवलेला हा हात. मी पेला तसाच धरून उभा राहिलो.

तेवढ्यात माणसं बाजूला झाली. मार्जरी आत आली. हिवाळाभर तिने तो उंबरा ओलांडला नव्हता. ती सरळ माझ्याजवळ आली, माझ्या हातातून पेला घेतला आणि उभ्यानेच प्यायली, तळापर्यंत. तिचा चेहरा वाकडा झाला. तिने तोंड पुसलं.

"राहते का ही?" तिने पर्नेलला विचारलं. "उन्हात? वारा नसला तरी?"

"राहते," पर्नेल म्हणाली. "मी मडक्यात ठेवून बघितली. राहते."

"मग गेल्या वर्षी का नाही घातलंस गं?"

पर्नेल, एवढी मोठी बाई, खाली बसली, हंड्याशेजारी, जमिनीवर, आणि कमरेच्या फडक्याने तोंड झाकून घेतलं.

मार्जरीने पेला परत माझ्या हातात दिला. "एल चांगली आहे," ती कारभाऱ्याला ऐकू जाईल अशी म्हणाली. "खूण कर दादा. आणि हिला उठव, अजून एक हंडा चढवायला सांग. पोरांना तहान फार लागते."

मी खडू काढला आणि प्रत्येक पिंपावर खूण केली.